आतली हवा की बाहेरची? गोव्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी एका बटणाची ओळख

एसीच्या पॅनेलवर गाडीचं एक छोटं चित्र असतं आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. ते बटण दाबलं की ब्लोअर बाहेरची हवा ओढणं थांबवतो आणि गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतो. बाण बाहेरून आत शिरताना दाखवला असेल, तर ती बाहेरची हवा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींसाठी एकच बटण असतं: दिवा पेटला की आतली, विझला की बाहेरची. जुन्या गाड्यांत याच कामाला आडवी सरकपट्टी असायची. गॅरेजात याला रीसर्क्युलेशन म्हणतात. इथे आपण ‘आतली हवा’ आणि ‘बाहेरची हवा’ एवढंच म्हणू.

नव्या लोकांचं चुकतं ते बहुधा एकाच ठिकाणी. एप्रिलच्या उकाड्यात कुणीतरी सांगतं, ‘हे दाबून ठेव, गाडी लवकर थंड होते.’ सांगितलेलं खरंच असतं. पण मग जून येतो, पाऊस लागतो, समोरची काच दुधाळ होते, तरी बटण दाबलेलंच. गोव्यात या बटणाची बरोबर जागा मोसमाप्रमाणे तर बदलतेच, पण पणजीहून काणकोणला जायचं म्हटलं तर एका फेरीत तीन-चार वेळाही बदलते.

आत नेमकं काय हलतं

समोरच्या काचेच्या खालच्या कडेला, वायपरच्या बुडाशी, काळी प्लॅस्टिकची जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते. आतली हवा ओढायचं तोंड डाव्या बाजूला, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, शेजारच्या माणसाच्या पायांपाशी असतं. या दोन तोंडांच्या मधे एक फ्लॅप आहे. बटण दाबलं की छोटी मोटर तो फ्लॅप फिरवते आणि एक तोंड बंद होऊन दुसरं उघडतं. सरकपट्टीच्या गाडीत हेच काम तारेने होतं. त्यानंतर हवा बहुतेक गाड्यांत फिल्टरमधून ब्लोअरकडे जाते, तिथून गार पडलेल्या जाळीवरून, म्हणजे इव्हॅपोरेटरवरून, आणि मग तुमच्या तोंडावर.

फ्लॅप हलतो की नाही हे कानाने कळतं. पंखा तीनवर ठेवा, रेडिओ बंद करा आणि बटण दाबा. आतल्या हवेवर गेल्यावर दोन-चार सेकंदांत ग्लव्ह बॉक्सच्या बाजूने ब्लोअरची घरघर वाढलेली ऐकू येते, कारण आता तो तुमच्या शेजारूनच हवा ओढतोय. आवाजात काहीच फरक पडला नाही तर फ्लॅप अडकला असण्याची शक्यता धरा.

इव्हॅपोरेटरची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे पावसात ती कामाला येणार आहे. तो फक्त गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो. गार तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसं हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं आणि एका नळीतून रस्त्यावर टपकतं. एसी चालू असताना गाडीखाली डाव्या बाजूला स्वच्छ, बिनवासाचं पाणी दिसलं तर घाबरायचं नाही. दमट दिवसांत तसं दिसलं नाही तरच चिंता करा.

उन्हात तापलेली गाडी

मे महिन्यात म्हापशाच्या बाजाराबाहेर तासभर उघड्यावर उभी केलेली गाडी आतून सहज पन्नास अंशांपुढे जाते. बाहेर असतात तेहतीस-चौतीस. म्हणजे त्या क्षणी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कितीतरी गार आहे. अशा वेळी बसल्या बसल्या काचा लावून आतली हवा फिरवणं म्हणजे पन्नास अंशांची हवा गार करण्याचा हट्ट. आधी ती बाहेर घालवा.

१. मागची डावी काच पूर्ण खाली करा आणि चालकाचा दरवाजा चार-पाच वेळा उघड-बंद करा. दरवाजा पंख्यासारखा हवा ढकलतो आणि गरम हवा त्या उघड्या काचेतून निघते. कुणी बघून हसलं तर हसू दे.

२. इंजिन सुरू करा, बाहेरची हवा, एसी चालू, पंखा मोठा. चारही काचा अर्ध्या खाली ठेवून निघा.

३. एक-दोन मिनिटं चालवल्यावर डॅशबोर्डच्या जाळ्यांतून गार वारा लागायला लागतो. मग काचा वर घ्या आणि आतली हवा लावा.

४. दहा-पंधरा मिनिटांत गाडी निवते. पंखा दोनवर आणा, तापमान चोवीस-पंचवीसवर.

तिसऱ्या पायरीपासून आतली हवा का, तर आता हिशेब उलटा झाला. आत अठ्ठावीस आहे, बाहेर चौतीस, आणि बाहेरची हवा गच्च दमट. बाहेरची घेत राहिलात तर कॉम्प्रेसरला प्रत्येक वेळी नव्याने उष्णता काढायची आणि पाणीही गाळायचं. आतली हवा एकदा गार आणि कोरडी झालेली असते, तिला फक्त राखायचं असतं. विजेवरच्या गाडीत हा फरक बॅटरीवर थेट दिसतो.

‘मॅक्स एसी’ बटण असेल तर ते आतली हवा आपोआप लावतं. ‘ऑटो’वर ठेवलेली गाडीही उन्हात स्वतःच आतल्या हवेवर जाते, मग दिवा पेटलेला दिसला की कुणाचं बोट लागलं म्हणून शोधू नका. काही गाड्या इंजिन बंद केल्यावर शेवटची जागा विसरतात आणि पुढच्या वेळी बाहेरच्या हवेवर सुरू होतात, काही लक्षात ठेवतात. तुमची कोणत्या जातीची हे एकदा तपासून घ्या. भाड्याने घेतलेल्या गाडीत तर चावी मिळताच तपासा.

डोकं जड का होतं

आतली हवा फिरते तेव्हा एसी तिला गार करतो, कोरडी करतो, फिल्टर धूळ अडवतो. पण आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड यातलं काहीच अडवत नाही. हिशेब सोपा आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या गाडीत हवा मावते सुमारे तीन हजार लिटर. चार माणसं, काचा घट्ट बंद आणि हवेला कुठेच फट नाही असं धरलं तर प्रमाण मिनिटाला ४०० पीपीएमने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०० भागांनी, वाढेल. बाहेरच्या हवेत हे प्रमाण एकूणच सव्वाचारशेच्या आसपास असतं. चालती गाडी फटींतून थोडी हवा घेत राहते म्हणून प्रत्यक्षात वाढ सावकाश होते, तरी चौघांच्या गाडीत पंधरा-वीस मिनिटांत आकडा दोन हजारांच्या पुढे गेला तर नवल नाही. बंद खोल्यांसाठी एक हजारापर्यंत ठीक असा ढोबळ नियम वापरतात.

यात कुणी बेशुद्ध पडत नाही. जांभया येतात, डोळे जड होतात, सकाळी लवकर निघालेल्यांना वाटतं झोप अपुरी झाली. मागे बसलेल्यांनी डुलकी घेतली तर बिघडत नाही, स्टिअरिंग धरलेल्याने घेतली तर बिघडतं. म्हणून आमचा ढोबळ नियम असा: एकटे असाल तर अर्धा तास आतली हवा, मग पाच मिनिटं बाहेरची. दोघे असाल तर वीस मिनिटांनी. चार-पाच जण असाल तर दहा-पंधरा मिनिटांनी तीन-चार मिनिटं बाहेरची हवा. उकाडा फार नसेल तर सरळ बाहेरच्या हवेवरच ठेवा आणि पंखा एक घर वाढवा. महामार्गावर वाहत्या रस्त्याला लागलात की ही सवय अंगवळणी पडायला सोपी जाते.

सरकपट्टीवाल्यांना इथे एक फायदा आहे, ज्याची नव्या गाडीवाल्यांना कल्पना नसते: पट्टी अधेमधे ठेवता येते. तीन भाग आतली, एक भाग बाहेरची. बटणाच्या गाडीत बहुधा इकडे नाहीतर तिकडे. ही सुधारणा की बिघाड, ज्याने त्याने ठरवावं.

सात आसनी गाडीत आणखी एक मेख असते. मागच्या रांगांसाठी छतात किंवा बाजूला जो वेगळा एसी असतो तो सहसा गाडीतलीच हवा फिरवतो. ताजी हवा येते ती पुढच्या पॅनेलमधूनच. चवथीला सगळं कुटुंब, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान आणि पिशव्या भरून गावी निघालात की पुढे आतली हवा दाबलेली आणि गाडीत सात माणसं, असं होऊ देऊ नका. सामान मागच्या कडेपर्यंत दाबून भरू नका हेही त्यातच आलं: गाडीतली हवा बाहेर पडायच्या जाळ्या मागच्या बाजूला, बहुधा बंपरच्या आतल्या अंगाला असतात. तिथली वाट बंद झाली तर पुढून येणारी हवाही मंदावते.

आणि एक गोष्ट या बटणाच्या आवाक्याबाहेरची. एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपू नका, किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये तर नाहीच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास असतो. स्वतःच्या सायलेन्सरला गळती असेल किंवा शेजारी दुसरी गाडी घुरघुरत असेल तर तो गाडीत भरतो. आतली हवा लावल्याने तो पूर्ण अडत नाही, आणि आत आलेला तर बाहेरच जात नाही.

पाऊस, आणि दोन प्रकारचं धुकं

खरा गोंधळ इथे होतो. जूनपासून पुढे काच धूसर झाली की लोक हाताला येईल ते बटण दाबतात आणि निम्म्या वेळा धुकं वाढतं. कारण काच दोन बाजूंनी धूसर होते आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

आधी बाजू ओळखा. आतून काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली तर धुकं आत आहे. रेघ उमटली नाही तर वायपर एकदा मारा. काच साफ झाली म्हणजे धुकं बाहेरून होतं.

*आतलं धुकं.* चार माणसं श्वासातून आणि अंगातून तासाला सुमारे दोनशे ग्रॅम पाणी सोडतात, म्हणजे एक मोठा पेला. भिजलेले कपडे, छत्र्या, पायांबरोबर आलेलं पाणी हे वेगळंच. उलट पंचवीस अंशांच्या तीन घनमीटर हवेत जेमतेम सत्तर ग्रॅम बाष्प मावतं. एसी बंद असेल आणि आतली हवा चालू असेल, तर उरलेलं पाणी जाणार कुठे? गाडीतल्या सगळ्यात गार जागेवर, म्हणजे पावसाने निवलेल्या काचेवर.

उपाय याच क्रमाने करा: बाहेरची हवा लावा, एसी चालू करा, हवेची दिशा समोरच्या काचेवर न्या, पंखा तीनवर, तापमान मध्यावर म्हणजे पंचवीसच्या आसपास. पुढच्या काचेचं डीफॉगर बटण असेल तर बऱ्याच गाड्यांत यातली पहिली तीन कामं ते एकट्याने करतं. मिनिटभरात काच खालून साफ होत वर जाते. फारच गच्च झालं असेल तर पुढच्या दोन्ही काचा बोटभर खाली घ्या, थोडे शिंतोडे अंगावर आले तरी चालतील.

इथे एक प्रश्न येतोच: बाहेर तर धो धो पाऊस, हवा आतल्याहून दमट, मग ती आत घेऊन काच कोरडी कशी होणार? नुसती घेतली तर होणार नाही. बाहेरची हवा आणि एसी ही जोडी आहे. ती हवा इव्हॅपोरेटरवर आपलं पाणी सोडून कोरडी होऊनच काचेवर येते. बाहेरची हवा चालू आणि एसी बंद, हे गोव्याच्या पावसात अर्धंच काम. पेट्रोल वाचवायला एसी बंद करणारे इथेच फसतात.

त्यातही एक फसगत जास्त वाईट. तासभर एसी चालला, इव्हॅपोरेटर पाण्याने निथळतोय, आणि तुम्ही एसी बंद केला पण पंखा चालू ठेवला. जाळीवरचं ते सगळं पाणी आता गाडीत परत येतं आणि समोरची काच बघता बघता पांढरी होते. झुआरी पुलावर समोर ट्रक असताना हे झालं तर काही सुचत नाही. पावसात चालत्या गाडीत एसी बंद करायचाच नाही, एवढं पक्कं करा. गार वाटत असेल तर तापमान वाढवा.

*बाहेरचं धुकं.* हे पुण्या-नाशिककडून आलेल्यांना नवं असतं. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांपाशी असतो. म्हणजे काच याहून थोडी जरी गार पडली तरी बाहेरून बाष्प जमणार. आत एसी अठरावर, हवा सरळ काचेवर, आणि रात्री पाऊस नुकताच थांबलेला: काच बाहेरून घामेजते, आधी खालच्या कडेला जाळ्यांच्या समोर दोन ढग दिसतात, मग ते पसरतात. चालक घाबरून डीफॉगर दाबतो, काच आणखी गार होते, धुकं आणखी वाढतं.

इथे करायचं ते असं: वायपर मारा, हवेची दिशा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा, तापमान सव्वीस-सत्तावीसला न्या, पंखा कमी करा. आतली की बाहेरची हवा याने या धुक्यात फारसा फरक पडत नाही, काच किती गार आहे यानेच पडतो. आरसे आणि बाजूच्या काचाही अशाच घामेजतात. कडेच्या जाळ्यांची तोंडं काचेकडून वळवा आणि काच एकदा खाली-वर करून पुसून घ्या.

दोन्ही धुकी एकदम असली तर आतलं आधी घालवा, पण तापमान वरच ठेवून.

काच आतून स्वच्छ असेल तर धुकं उशिरा धरतं. नव्या गाडीत डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारा चिकट थर काचेवर आतून बसतो, उन्हात उभ्या गाडीत जास्तच. महिन्यातून एकदा अर्धा मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ कपड्याने पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरड्या कपड्याने. हाताने पुसलेली काच पुढच्या वेळी नेमकी तिथेच आधी धूसर होते. ओल्या छत्र्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. रबरी मॅटखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि रोज बदला, कार्पेट ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आतून धुकं घेऊनच उभी असते.

डिसेंबर-जानेवारीत डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत पहाटे धुकं उतरतं तेव्हा काच बाहेरच्या गारठ्याने आतून धूसर होते. उपाय पावसाळ्यातल्या आतल्या धुक्याचाच, फक्त तापमान आणखी गरमकडे.

धूर, धूळ, फेरीबोट

धुराच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. पुढे काळा धूर सोडणारा ट्रक दिसला की लगेच आतली हवा लावा. धूर नाकाला लागल्यावर बटण दाबलं तर तो आतच फिरत बसतो. तसं झालंच असेल तर पुढे गेल्यावर काचा खाली करून गाडी हवेशीर करा आणि मग ठरवा. सिग्नलला, करमल घाटात चढणीवर रांगेत, चोर्ला किंवा अनमोड घाटात उतारावर ब्रेकच्या करपट वासात, पेटवलेल्या कचऱ्याजवळून जाताना आतली हवा. मुंबईला जाताना काशेडीच्या बोगद्यातही. धूर मागे पडला की दिवा विझवा. घाटमाथ्यावर हवा गार असते, तिथे एसीपेक्षा उघडी काच बरी.

चोडण किंवा दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्यांनी एवढं करावं: बोटीवर चढल्यावर इंजिन बंद, काचा खाली. गाडी उभी असताना आत बसून बंद काचांमागे शिजायचं काही कारण नाही. पलीकडचा धक्का जवळ आला की पुढच्या-मागच्या लोकांना घाई होते आणि बोट लागायच्या आधीच सगळे इंजिनं सुरू करतात. त्या क्षणी काचा वर, आतली हवा. उताराच्या फळीवरून रस्त्याला लागलात की पुन्हा बाहेरची.

धुळीत मात्र सरसकट आतली हवा हे उत्तर नाही. खनिजाचा ट्रक समोरून गेला, तांबड्या धुळीचा लोट आला, तर दोन मिनिटं आतली हवा ठीक. पण लांबचा कच्चा रस्ता असेल तर वेगळा विचार करा. बाहेरची हवा घेताना गाडीत किंचित जास्त दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर ढकलली जाते. आतल्या हवेवर तो दाब नसतो, मग डिकीचं रबर सैल असेल तर मागून धूळ आत ओढली जाते. जुन्या गाडीत मागच्या सीटवर तांबडा थर दिसला तर हेच कारण. फिल्टर चांगला असेल तर अशा रस्त्यावर बाहेरची हवा, पंखा दोनवर, पुढच्या गाडीपासून लांब अंतर. फिल्टरच नसलेली गाडी असेल तर आतली हवाच बरी.

मासळीचा वास आणि कुबट वास

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, दिवसांत डिकीत सुकी मासळी घेऊन घरी येताना आतली हवा लावू नका. हॅचबॅकमध्ये डिकी आणि गाडी यांची हवा एकच, त्यामुळे वास फिल्टरमध्ये, सीटच्या कापडात आणि इव्हॅपोरेटरच्या ओल्या जाळीवर बसतो आणि चार दिवस एसी लावला की परत येतो. मासळी झाकणाच्या डब्यात, गाडी बाहेरच्या हवेवर, काचा दोन बोटं उघड्या. काळसर थराचा कार्बन फिल्टर वास थोडा शोषतो, पण सुक्या बांगड्यापुढे त्याचंही फारसं चालत नाही.

एसी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर येणारा कुबट वास वेगळा. ती इव्हॅपोरेटरवरची बुरशी. जाळी ओली ठेवून गाडी बंद केली की ती वाढते. घर तीन-चार मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, बाहेरची हवा लावा, पंखा चालू ठेवा, काचा थोड्या खाली. जाळी बरीच वाळते. वर सांगितलेलं अचानक धुकं आठवा आणि पाऊस पडत असताना हे चालत्या गाडीत करू नका, अंगणात गाडी उभी केल्यावर दोन मिनिटं करा.

फिल्टर स्वतः बदला

बहुतेक छोट्या गाड्यांत फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पहिल्या वेळी पंधरा मिनिटं, पुढे पाच मिनिटं लागतात. काही जुन्या आणि स्वस्त गाड्यांत फिल्टर दिलेलाच नसतो, आधी पुस्तिकेत बघा.

१. ग्लव्ह बॉक्स रिकामा करा. त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती आत दाबा, अडसर सुटतात आणि खोका खाली लोंबतो. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर तो आधी काढा, ओढून तोडू नका.

२. मागे लांबट आयताकृती झाकण दिसेल. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून ते काढा.

३. जुना फिल्टर सरळ बाहेर ओढा. काढण्याआधी त्याच्या कडेवरचा बाण कुठल्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. नवा त्याच दिशेने बसवायचा.

४. रिकाम्या खाचेत टॉर्च मारा. सुकी पानं, सुरूची सळ्यांसारखी पानं, कधी उंदराने आणलेला कापूस आणि सुपारीच्या साली. चिमट्याने काढा. तोंडाने फुंकू नका, ते खाली ब्लोअरमध्ये पडतं.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदला, खाणपट्ट्यात रोज जाणं-येणं असेल तर सहा महिन्यांनी. आमच्या मते बदलायचा महिना ऑक्टोबर. पावसाच्या आधी नवा घातलात तर तो चार महिने ओल पिऊन दसऱ्यापर्यंत कुबटतो.

बिघाड ओळखायचे कसे

हवा कमी येते असं वाटलं तर आधी बटण बदलून बघा. आतल्या हवेवर झोत चांगला आणि बाहेरच्या हवेवर मंद, तर वायपरखालची जाळी पानांनी भरली आहे. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. मे महिन्यात बॉनेट उघडून तिथली पानं हाताने काढा आणि त्यावर एक मग भरून पाणी ओता. पाणी दोन्ही कोपऱ्यांतून गाडीखाली वाहून गेलं पाहिजे. साचलं तर पहिल्या मोठ्या पावसात ते ब्लोअरमध्ये किंवा कार्पेटवर येणार. दोन्हींवर झोत मंद असेल तर फिल्टर तुंबला आहे. सुरुवातीला झोत चांगला आणि तासाभराने मंद होत गेला तर इव्हॅपोरेटरवर बर्फ धरतोय: पाऊस नसेल तर पाच मिनिटं एसी बंद, पंखा चालू. झोत परतला तर गॅरेजात हेच शब्द सांगा.

शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि वळणावर डॅशबोर्डमधून पाणी हिंदकळल्याचा आवाज येत असेल, तर एसीचं पाणी जाणारी नळी तुंबली आहे. गाडीखाली तिचं रबरी टोक सापडतं, तिथला चिखल बोटाने काढला तरी बऱ्याचदा धार लागते. आत तार खुपसू नका.

बटण दाबल्यावर ग्लव्ह बॉक्समागे टिक टिक टिक असा दहा-पंधरा सेकंद आवाज आला तर फ्लॅप फिरवणाऱ्या मोटरचे प्लॅस्टिकचे दात तुटलेत. दिवा पेटतो, पण फ्लॅप जागचा हलत नाही. खात्री करायची असेल तर उभ्या गाडीत आतली हवा लावून पंखा दोनवर ठेवा, काचा बंद करा आणि दुसऱ्या कुणाला तरी बॉनेटबाहेर वायपरच्या जाळीपाशी पेटती उदबत्ती धरायला सांगा. मिनिटभरात आत उदबत्तीचा वास आला तर फ्लॅप बाहेरच्या बाजूला उघडा अडकला आहे. मग बटण बाहेरच्या हवेवर करा. आता वास आलाच नाही, तर तो आतल्या बाजूला अडकला आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हा बिघाड पहिल्यापेक्षा आधी दुरुस्त करून घ्या. मोटर सुटी मिळते. ‘एसीत गॅस भरा’ असं सांगून गाडी सोडू नका, ‘आतल्या-बाहेरच्या हवेचा फ्लॅप हलत नाही, मोटर बघा’ असं सांगा.